डबल बेल

१२ जानेवारी १९८६, रविवार
सदर, नागपूर

आले बाई एकदाची! सांगली ते नागपूर हा प्रवास आईने असा डोक्यावर घेतला होता, की कुणाला वाटावं मी सीमेवर लढायला निघाले आहे. डब्यात तीन दिवसांच्या पोळ्या, दोन चटण्या आणि वर स्वेटर घालण्याची ताकीद. थंडी आहे खरी, पण गोड आहे. स्टेशनबाहेरच्या सायकलरिक्षावाल्याने माझी खोकी पाहून आत काय आहे असं विचारलं. एकात टीव्ही आणि दुसऱ्यात कॉम्प्युटर म्हटल्यावर त्याने अशी मान डोलावली, जणू रोज चार कॉम्प्युटर वाहतो.

उद्यापासून कॉलेज. पदार्थविज्ञानाची लेक्चरर, सध्या हंगामी, जुलैत कायम होईन अशी आशा. खोली छान मिळाली आहे. सदरच्या दुकानांमागे शांत गल्ली आहे, तिच्यातलं हे बसकं घर. घरमालक चंपतराव आणि त्यांची बायको मनकर्णाबाई, मूळचे नरखेडकडचे. मूलबाळ नाही. मनकर्णाबाई म्हणजे ठेंगणी, गोल, सतत पदर खोचलेली आणि सतत बोलणारी बाई. मी सामान लावेपर्यंत त्यांनी माझं लग्न, जात, पगार आणि पोटाची तक्रार एवढं सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, काही लागलं त हाक मारजा, लाजू नोका." मी त्यांना काकू म्हणायचं ठरवलं आहे. काकाजींना अर्धांगवायू झाला आहे, ते पलीकडच्या खोलीत खाटेवर असतात. माझ्या आणि त्यांच्या खोलीच्या मधे एक दार आहे.

ही रोजनिशी मात्र हौसेची नाही, कामाची आहे. कॉम्प्युटर दादाने मस्कतहून आणला. देताना त्याने एकच अट घातली, की जे काही बनवशील ते लिहून ठेव. प्रोग्रॅममध्ये बदल केला की का केला ते त्याच दिवशी लिहायचं, नाहीतर महिन्याभराने आपलाच प्रोग्रॅम आपल्याला ओळखू येत नाही. बरं बाबा, लिहिते. मला एक चालता-फिरता रोबोट बनवायचा आहे. कसला ते अजून ठाऊक नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आज काकाजींशी ओळख झाली. म्हणजे बोलणं काकूंचं, मी आणि काकाजी ऐकणार. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली, पण डोळे लख्ख. डावा हात उचलतात, अंगठा चांगला चालतो. त्या अंगठ्याने ते चादरीच्या काठाशी सारखा चाळा करत असतात. काकूंनी सांगितलं की तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, काटोल-नरखेड लाईनवर. यांनी डबल बेल मारल्याशिवाय ड्रायव्हरची काय बिशाद गाडी हलवायची! एक बेल म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. हे सांगताना काकाजींचा अर्धा चेहरा हसला. उरलेला अर्धा तसाच राहिला, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं.

काकूंना क्षणाची उसंत नाही. त्या चुलीशी गेल्या, नळावर गेल्या, की यांना पाणी हवं असतं, आणि हाक मारायला आवाज नाही. मग हा माणूस खाटेच्या दांडीवर वाटी आपटतो.

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या सुचलं. रोबोट कसला, ते ठरलं.

९ मार्च, रविवार

चालली! चालली! चालली!

नीट लिहिते. गाडी म्हणजे ट्रेएवढी लाकडी फळी, खाली खेळण्यातल्या मोटारी, चार रबरी चाकं. सीताबर्डीवरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून रिले आणि वायर आणली. रिले म्हणजे कॉम्प्युटरने सांगितलं की टक् करून चालू होणारं बटण. गाडीला मागे वायरची लांब शेपटी, ती मधल्या दाराच्या फटीतून माझ्या टेबलापर्यंत येते. फळीवर झाकणाचा पेला आणि त्यातून सलाईनची नळी. गाडी भिंतीच्या कडेने जाते, खाटेच्या पायाला नाक टेकलं की थांबते. काकाजी डाव्या हाताने नळी तोंडात धरतात.

आणि बेल! खाटेच्या दांडीला दारावरच्या घंटीचं बटण बसवलं आहे. त्याची वायरही माझ्या कॉम्प्युटरला. कायदा एसटीचा नाही, माझा: एक बेल मारली की गाडी पाणी घेऊन निघते. डबल बेल मारली की माझ्या टेबलावर बझर वाजतो आणि माणूस जातो. मी मोकळी असले तर मी, नाहीतर मी काकूंना हाक मारते.

पहिल्यांदा काकाजींनी अंगठा टेकवला आणि गाडी घरघरत त्यांच्याकडे निघाली, तेव्हा त्यांच्या घशातून असा काही आवाज आला की मी घाबरले. काकू म्हणाल्या, घाबरू नको, ते हसून राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा. काकूंनी पदर डोळ्यांना लावला, मग गाडीला हळदकुंकू लावलं, आणि मोटारीत कुंकू जाईल म्हणून मी ओरडले. आम्ही तिघंही हसलो. अडीच जण म्हणायला हवं, असं मनात आलं आणि मी स्वतःच्या जिभेला चिमटा काढला.

मुंबईच्या एका मासिकाने घरगुती इलेक्ट्रॉनिक्सची स्पर्धा लावली आहे. रेखाटनं, प्रोग्रॅम, तपशीलवार माहिती पाठवायची. शेवटची तारीख दहा जून. बक्षीस मिळालं तर कॉलेजातही वजन पडेल.

१३ एप्रिल, रविवार

उन्हाळा म्हणजे काय ते सांगलीकरांनी इथे येऊन शिकावं. दुपारी बारा ते पाच गल्लीत कुत्रंही नसतं. घरोघरी कूलर बाहेर निघाले आहेत. पत्र्याची मोठी पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पंखा, खाली पाण्याची टाकी. काकूंनी काकाजींच्या खिडकीत त्यांचा कूलर बसवून घेतला. दिवसातून दोनदा बाल्ट्यांनी टाकी भरायची, ही इथली पूजाच. टाकी कोरडी पडली की तोच पंखा बाहेरची भट्टी आत ओततो, म्हणून कुणी आजारी असलं की घरातला माणूस टाकीवर डोळा ठेवून असतो.

त्या ओल्या हवेने माझा कॉम्प्युटर खराब होईल, म्हणून मधलं दार मी बंद ठेवते. कूलरचा घरघराट एवढा आहे की पलीकडचं काही ऐकू येत नाही. अर्थात बझर आहेच.

आणि बझरची तर कमालच झाली आहे. काकाजींना पाणी नको असतं, गाडी हवी असते. पाणी देऊन गाडी परत येते न येते तोच पुन्हा बेल. मग डबल बेल. मी उठून जाते, तर हे अर्ध्या चेहऱ्याने हसतात आणि अंगठ्याने गाडीकडे खूण करतात. पहिले चार दिवस मजा वाटली. आता पेपर तपासायला बसले की डोकं उठतं. काल मी जरा मोठ्याने बोलले. काकाजींनी डोळे मिटून घेतले. मग मलाच वाईट वाटलं आणि मी दोन फेऱ्या गाडी उगाच फिरवून दाखवली.

२७ एप्रिल, रविवार

प्रोग्रॅममधला बदल: एकदा पाणी पोचलं की पुढचा तासभर कुठलीही बेल मोजायची नाही. एक असो, डबल असो. गाडी हलणार नाही, बझर वाजणार नाही. मधे बेल मारली तर तास पुन्हा पहिल्यापासून सुरू. फक्त न मोजलेल्या प्रत्येक बेलमागे टीव्हीच्या पडद्यावर एक चांदणीची खूण छापली जाईल, म्हणजे मला नजर टाकली की कळेल.

बदलाचं कारण: काकाजी विनाकारण बेल मारतात.

एका ओळीचं काम, आणि घरात काय शांतता झाली! काकूंना सांगितलं नाही. त्यांना त्यातलं काय कळणार, आणि उगाच मनाला लावून घेतील. अधूनमधून पडद्याकडे पाहते. कधी पाच चांदण्या, कधी दहा. तासाभराने गाडी पुन्हा शहाण्यासारखी पाणी नेते.

११ मे, रविवार

सुट्टी लागून दहा दिवस झाले, पण मी सांगलीला गेले नाही. स्पर्धेसाठीचा लेख पुरा करायचा आहे.

उद्या काकू नरखेडला जाणार आहेत. त्यांचा पुतण्या बळीराम, त्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे आपल्याकडचा साखरपुडा. काकू तयार नव्हत्या. तीन वर्षांत त्या एक दिवस घर सोडून गेलेल्या नाहीत. मीच मागे लागले. म्हटलं, मी आहे ना, गाडी आहे, बेल आहे, सकाळी जा आणि संध्याकाळी या. त्या काकाजींकडे पाहत राहिल्या. काकाजींनी अंगठा हलवला, जा म्हणून. मग त्यांनी पेटीतलं जांभळं लुगडं काढलं, वासावरून तीन वर्षं पेटीतच असावं. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तू हायेस म्हून जाऊन राहिली वं पोरी. पोटची असती त यापरीस काय केलं असतं?"

मला मॅडमची पोरी केली आज.

१२ मे, सोमवार

काकू पहाटेच्या एसटीने गेल्या. जाताना तीनदा बजावलं, की दुपार झाली की कूलरमध्ये दोन बाल्ट्या टाकजो. हो हो म्हटलं.

दुपार. काकाजींना वरणभात भरवला, तोंड पुसलं. गाडीने पाणी नेलं. मग मधलं दार लावून कामाला बसले. लेखात गाडीची आकृती झाली, आता प्रोग्रॅमचं स्पष्टीकरण. बाहेर असं ऊन आहे की खिडकीच्या फटीतून येणारी रेघसुद्धा पाहवत नाही.

कूलरचं पाणी टाकायचं आहे. पण पहाटे निघताना काकूंनी भरला होता, अजून अर्धी टाकी तरी असेल. संपलं तर बेल मारतीलच.

चांदण्या पडू लागल्या. काकू घरी नाहीत म्हणून स्वारी रंगात आली आहे. मी आज जाणार नाही. हे पान पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलं आहे.

अख्खी ओळ भरली चांदण्यांनी! काकाजी, पुरे की.

दुसरी ओळ. हसू आलं मला. पान संपलं की जाते, पाणीही टाकते.

१४ मे

काकाजी गेले.

कूलर कोरडा होता. मी दार उघडलं तेव्हा पंखा फिरत होता आणि तापलेल्या तव्यावरून आल्यासारखी हवा त्यांच्या तोंडावर येत होती. अंग भाजत होतं. ओठ उघडे होते. अंगठा बटणावरच होता. गाडी चार हातांवर उभी होती आणि पेल्यात पाणी होतं.

डॉक्टर म्हणाले वय, उन्हाळा, हृदय. कुणाच्या हातात नव्हतं म्हणाले. मी मान हलवली.

काकू संध्याकाळच्या गाडीने आल्या. हातात साक्षगंधाचे लाडू होते.

मी परत खोलीत आले तेव्हा पडदा वरपासून खालपर्यंत चांदण्यांनी भरला होता. नव्या चांदण्या यायला जागा नव्हती, म्हणून जुन्या वर सरकत गेल्या असणार. म्हणजे किती, तेही कळायला मार्ग नाही. मी प्लग ओढला.

कुणाला सांगितलं नाही.

२५ मे

काल तेरवी झाली. नरखेडची माणसं आली होती. काकू ज्याला त्याला मधल्या दाराशी आणून गाडी दाखवत होत्या. सांगत होत्या, मी करंटी लग्नाघरी लाडू खात बसली, पण या पोरीनं आन् हिच्या गाडीनं शेवटचं पानी पाजलं त्याईले. बळीरामने मला हात जोडले. त्याच्यापेक्षा मी पंधरा वर्षांनी लहान असेन.

मी म्हणणार होते. तोंड उघडलं होतं. काकूंनी माझ्या तोंडात जिलेबीचा तुकडा घातला.

त्या स्वतःला दोष देतात, हे मला बघवत नाही. रोज म्हणतात, मी गेली नसती त. एका वाक्याने मी हे थांबवू शकते. काकू, ते बोलवत होते आणि मी ऐकू येऊ नये अशी सोय केली होती. एवढंच वाक्य. ते मी आंघोळ करताना म्हणते, केस विंचरताना म्हणते. त्यांच्यासमोर गेले की म्हणते, काकू, मीठ कुठं आहे?

मी भित्री आहे. लिहिते इथे. मी भित्री आणि खोटारडी आहे.

२८ मे

लेखासाठी प्रोग्रॅम कॅसेटवरून पुन्हा चढवला. ती ओळ काढून टाकली. कागदावरही तिचा उल्लेख नाही. आता वाचणाऱ्याला वाटेल, बेल मारली की गाडी जाते, दोनदा मारली की माणूस जातो. किती चांगली सोय.

दुपारी बझर वाजला.

धावत गेले. खाट रिकामी, गादी गुंडाळलेली, बटण दांडीवर तसंच. काकू स्वयंपाकघरात फरशीवर झोपल्या होत्या. गाडी पेला घेऊन खाटेशी जाऊन उभी होती.

उष्णतेने वायरचं आवरण मऊ होतं, दोन तारा चिकटतात. तसंच झालं असणार. नवी वायर घातली.

३० मे

काल वाजला. आज वाजला. दुपारी, ऊन सर्वांत कडक असतं तेव्हा. बटणाची वायर कॉम्प्युटरमधून उपटून हातात धरली.

वायर माझ्या हातात होती आणि बझर वाजला. गाडी निघाली.

गेले. खाट रिकामी. काकू निजलेल्या. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

१ जून

खोलीत लोंबणारी वायर काकूंनी पाहिली. काहून तोडली, विचारलं. मी म्हटलं, आता काय उपयोग. त्या खाटेच्या कडेला बसल्या. त्यांनी बटणावरून असा हात फिरवला, जसा लोक देवाच्या पायावरून फिरवतात. म्हणाल्या, राहू दे. त्याईचा अंगठा हाये याच्यावर. आणि मग म्हणाल्या, "आता मीही एकटीच बाई. बीपी चढलं त कोनाले हाक मारू? तू बाजूले हायेस. मी बेल मारीन, तू येजो."

नाही कसं म्हणू? मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

वायर जोडली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या बसल्या होत्या, मी बसले होते, घरात कुणी नव्हतं. बझर वाजला. काकूंचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. बटणाला कुणी हात लावलेला नव्हता. बझर वाजत होता आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या, काय झालं वं, तुह्या तोंडाचा रंग काहून उडाला?

त्यांना ऐकू येत नाही. फक्त मला.

३ जून

रोज. दोन दोनदा. प्रत्येक वेळी जाते. जावंच लागतं, काकूंचं असलं तर? दार उघडते. खाट. गाडी खाटेशी नाक टेकून. पेल्यात पाणी. काकू स्वयंपाकघरात घोरतात.

आज खाटेपाशी उभी राहून हळूच म्हटलं, काकाजी, चुकले. हवं तर मला काही करा. मागून काकू विचारत होत्या, कोनाशी बोलून राहिली?

काकूंना सांगितलं की थांबेल. मला ठाऊक आहे. तेच मागताहेत ते. पण सांगितलं की काकू माझ्याकडे पुन्हा कधी तसं पाहणार नाहीत. त्यांच्या तोंडून पोरी ऐकायची सवय झाली आहे मला.

४ जून

झोप नाही. ऊन डोळ्यांत भरून राहिलं आहे. आरशात माझाच अर्धा चेहरा —

आज गेले नाही. उशी डोक्यावर घेतली. वाजला, वाजला, थांबला.

म्हणजे न जाता थांबतो. हे आधी का नाही सुचलं.

५ जून

ती ओळ परत घातली. तासभर नाही. कायमची. आता कुठलीच बेल मोजली जाणार नाही. बझर गप्प. गाडी गप्प. फक्त चांदण्या, आणि पडदा मी भिंतीकडे वळवून ठेवला आहे.

बदलाचं कारण: लिहीत नाही.

काकूंना सांगितलं नाही. दहा तारखेपर्यंत. लेख गेला की काढून टाकीन. त्यांना सगळं सांगीन, हेही आणि तेही, एकदम. पाच दिवसांत काय होतंय.

संध्याकाळी काकूंनी ज्वारीची आंबील आणून दिली. त्यांचाच हात थरथरत होता. पाय सुजले आहेत. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणाल्या, उन्हानं होते, माहं काय.

६ जून, शुक्रवार, दुपार

मधल्या दाराला कडी. कानात कापूस. बझर वाजत नाही, तरी कापूस.

मघाशी काकू दाराशी आल्या होत्या, पलीकडून काही म्हणाल्या. मी आतूनच हो हो म्हटलं. लेखाचं शेवटचं पान.

"रुग्णाला केव्हाही मदत मागता येते." लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

पडद्याचा उजेड भिंतीवर पडला आहे. तो जरासा हलला. चांदणी पडली की हलतो.

पुन्हा.

बघणार नाही. ते तिथे नाहीत. काकाजी, तुम्ही तिथे नाही आहात. काल पुरे झालं, आज पुरे करा. दहा तारखेला सांगते म्हटलं ना —

पडदा वळवला. एक ओळ. येतच आहेत. मी जाणार नाही. जायचं नाही, म्हणजे थांबतं.

काकाजी अंगठा टेकवून ठेवत. लांब. थांबून थांबून. या घाईच्या आहेत. दोन, मग दोन —

काकू काय म्हणाल्या होत्या मघाशी?

"डोकं लई गरगरून राहिलं वं पोरी. त्याईच्या खाटेवर पडून राहिली मी. काही लागलं त बेल मारीन."

कानात कापूस होता. तरी ऐकलं होतं मी. ऐकूनच हो म्हटलं होतं.

दोन. दोन. दुसरी ओळ.

पण समजा तेच असले. दार उघडलं आणि खाट रिकामी, आणि या वेळी ते —

कूलरची टाकी. सकाळपासून कुणी —

काकू आले मी, आले, हे लिहीत काय बसले आहे, ऊठ, ऊठ ना ग —

एक.

थांबल्या. पडद्यावर आता एकही येत ना